आधी काटे, मग तारीख

६ सप्टेंबर

आज सूनबाईने सहा घड्याळं माझ्या टेबलावर मांडली आणि मी चष्मा काढून पुसत बसले. घड्याळं वाईट होती म्हणून नाही. चांगली होती, हीच तर पंचाईत आहे.

डोकं ठिकाणावर राहावं म्हणून सगळं नीट लिहून काढते. आमचं घराणं तीन पिढ्या एकाच घड्याळावर उभं आहे. जाड, पोलादी, पाण्यात बुडवा, जिन्यावरून पाडा, ढिम्म हलत नाही. कारखान्यात त्याला सगळे ‘दगड’ म्हणतात. किंमत ऐकून माणसाला घाम फुटतो, पण दगड घेणारा तो पुढे मुलाच्या हातात बांधून जातो. नाजूक घड्याळं आमच्याकडे दोनच. एक पातळ सोनेरी आणि एक चंद्राची कोर दाखवणारं. ती काचेच्या कपाटात नुसती बसून असतात, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्यांसारखी. सूनबाईला ही नाजूक बाजू वाढवायची आहे. पातळ, देखणी, आतून गुंतागुंतीची घड्याळं, आणि त्यांच्यात वरच्या मानाचं हे नवं. कुठला महिना तीसचा, कुठला एकतीसचा, फेब्रुवारी कधी एकोणतीसचा, याला सगळं आपोआप कळतं. तिच्या विभागातल्या मुलींनी त्याचं नाव ठेवलंय ‘जाणतं’. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ती त्याच्या मागे लागलेली आहे.

भावजी म्हणाले, “वहिनी, नाकापेक्षा मोती जड होतोय.” माझे हे दीर अर्ध्या कारखान्याचे मालक. उरलेला अर्धा आमचा, आणि आमच्या अर्ध्याची सही माझी, कारण ह्यांना शब्दकोड्यापलीकडे कशात गोडी नाही. दोघांचं जमलं तरच काही नवं होतं. तर ठरलंय असं की सहा जाणती सहा जुन्या गिऱ्हाइकांना वापरायला द्यायची आणि डिसेंबरात बैठक घ्यायची. टिकली तर नाजूक बाजू वाढवायची, नाही टिकली तर सूनबाईचा विभाग बंद. मग ती इथे राहणार नाही. तसं बोलली नाही, पण मला कळतं. ती गेली की मुलगाही जाणार, आणि आम्ही दोघं म्हातारे एकमेकांना शब्दकोडी घालत बसणार.

८ सप्टेंबर

सूनबाईने मला तासभर शिकवणी दिली. साठी ओलांडलेल्या मालकिणीला घड्याळ कसं हाताळायचं ते शिकवते. आवाज गोड आहे म्हणून राग धरता येत नाही. तरी थोडा धरला.

“आई, एवढं एकच जपायचं. काटे संध्याकाळी आठच्या पुढे गेले की रात्री दोनपर्यंत तारखेच्या बटणाला हात लावायचा नाही. आत उद्याची तयारी सुरू झालेली असते. चाकांच्या दातात दात अडकलेला असतो.”

“म्हणजे बाळंतिणीची खोलीच म्हण की,” मी म्हटलं. “आणि गिऱ्हाईक रात्री बाहेर जेवायला निघालं, तारीख चुकलेली दिसली आणि बटण दाबलं, तर?”

“म्हणून तर बरोबर कार्ड देतोय.”

“दगडाबरोबर कधी कार्ड द्यावं लागलं नाही हो आम्हाला.”

तिने कार्डांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. मग मलाच वाईट वाटलं. कार्ड छापलंय मात्र सुरेख. सहाही डब्यांत मी माझ्या हाताने एकेक घातलं.

११ सप्टेंबर

आज घड्याळं लावली. उद्या ती बाहेर पडतील.

मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, नियम होता की घरातून नवं घड्याळ पहिल्यांदा बाहेर जाईल ते कर्त्या माणसाच्या हाताने लावलेलं असेल. त्याआधी दुसऱ्या कोणी त्याची वेळ-तारीख लावायची नाही. दोन मुलगे असताना त्यांनी हे काम मला शिकवलं, आणि भावजींनी ते अजून मनात ठेवलंय. रात्रीचं जेवण झालं की खाली कारखान्यात यायचं, ऑफिसचं दार आतून लावायचं. हात थरथरला तर बघायला कोणी नको, असं मामंजी म्हणायचे. आधी काटे, मग तारीख. चाळीस वर्षं माझा हा क्रम चुकलेला नाही.

सहाही थांबलेली होती, तारखा मागे पडलेल्या. काटे आणले साडेआठवर. मग लाकडाची टोकदार काडी घेऊन कडेचं ते इवलंसं बटण दाबलं. जरा जड लागलं. नवंकोरं आहे, जड असणारच. थोडा जोर दिला तशी टक्कन तारीख सरकली. सहाची सहा अगदी सारखी जड. म्हणजे बनावटीत फरक नाही, हे लक्षण चांगलं. वर येऊन ह्यांना सांगितलंसुद्धा.

२० सप्टेंबर

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. वीस वर्षं दगड वापरला त्यांनी. आता मनगट दुखतं, आणि बाहीखाली तो मावत नाही. जाणतं हातात घालून आल्या होत्या आणि सारख्या बाही वर करून बघत होत्या. म्हणाल्या, “हे नसतं ना, तर मी आता दुसऱ्या कुणाकडे गेले असते. वाईट वाटलं असतं, पण गेले असते.”

ते वाक्य दिवसभर डोक्यात आहे. आमची गिऱ्हाइकं आमच्याबरोबर म्हातारी होतात आणि नेमकी पैसा हातात खेळायला लागतो तेव्हा आमच्याकडे त्यांच्या वयाचं काही नसतं. सूनबाईचं हेच म्हणणं आहे. पण दगडावर नाव कमावलेल्यांनी फुलांचं दुकान टाकलं तर लोक हसणार नाहीत का? दोन्ही बाजूंनी पटतं, त्यामुळे जेवण गोड लागत नाही.

१ ऑक्टोबर

सकाळीच कप्तानांचा फोन आला. जहाजावरून निवृत्त झाले, पण आवाज अजून तसाच. “बाई, तुमच्या जाणत्याच्या मते आज एकतीस सप्टेंबर आहे!” ते हसत होते. मला हसू आलं नाही.

दुपारपर्यंत सहाही जणांचे फोन आले. सहाही घड्याळांनी एकतीस सप्टेंबर दाखवला. भावजी माझ्या खोलीत आले, काही बोलले नाहीत, कॅलेंडरासमोर जरा वेळ उभे राहिले आणि गेले. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

४ ऑक्टोबर

सूनबाईने सगळी उघडली. प्रत्येकात एकच दात किंचित वाकलाय, आणि तो एरवी काही करत नाही. महिन्याच्या अखेरीला उडी घ्यायची वेळ आली की तेवढ्यापुरता लागतो. म्हणून तोवर कुणाला काही कळलं नाही. ती म्हणते, पोलाद मऊ निघालं असेल, पुरवणाऱ्याला विचारते.

मला राहवलं नाही. म्हटलं, “काखेत कळसा आणि गावाला वळसा! सहाही ठिकाणी तोच दात वाकतो तर दोष बाहेर कशाला शोधायचा? घरातच शोध.”

तिचा चेहरा पडला. बोलले ते खरं होतं, पण तिच्या मुलींसमोर बोलायला नको होतं. संध्याकाळी तिच्यासाठी आल्याचा चहा करून पाठवला. कप रिकामा परत आला, एवढ्यावर समाधान मानलं.

२७ ऑक्टोबर

तीच सहा पुन्हा बांधतायत, जास्त कडक पोलादाचे दात घालून. मी आता रोज दोनदा तिच्या विभागात जाऊन बसते. कोणाचं लक्ष नसतं म्हणूनच असं होतं, असं माझं मत आहे. मी गेले की सगळ्या एकदम गप्प होतात. कामात शिस्त येते आहे.

मुलाने विचारलं, “आई, तू तिथे रोज कशाला जातेस?” म्हटलं, तुझ्याच बायकोसाठी जाते. तो अर्ध्या ताटावरून उठला.

१० नोव्हेंबर

आज पुन्हा लावली. जेवण झाल्यावर, नेहमीसारखी. या वेळी बटण चांगलंच जड होतं. पोलाद कडक केलंय ना! प्रत्येकाला दोनदा जोर द्यावा लागला. शेवटच्या वेळी तर काडीच मोडली, दुसरी घेतली. मनातल्या मनात मामंजींना सांगितलं, सांभाळा.

वर येताना हे जिन्यातच उभे. म्हणाले, “अगं, सकाळी लावत जा की. रात्रीची कशाला डोळे फोडतेस?”

“सकाळी सगळे बघतात.”

“बघू देत की.”

ह्यांना काय कळणार? ह्यांना शिकवलं नाही ते उगाच नाही.

१ डिसेंबर

एकतीस नोव्हेंबर. सहाही.

लिहवत नाही. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ स्वतः आणून दिलं. “दुरुस्त झालं की द्या, मी थांबेन,” म्हणाल्या. त्यांच्या हातात पुन्हा तो जुना दगड होता, बाही वर दुमडून घातलेला. मला रडू कोसळेल असं वाटलं, म्हणून उगाच खोकत बसले.

३ डिसेंबर

सूनबाई सकाळपासून त्या दातांपुढे बसली होती. दुपारी माझ्याकडे आली, दारातच उभी राहिली.

“आई, ही घड्याळं तुम्ही कधी लावलीत?”

“दहा तारखेला.”

“नाही, म्हणजे कुठल्या वेळी?”

“जेवणानंतर. साडेआठ-पावणेनऊ. का गं?”

“सहज.” बराच वेळ ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मला वाटलं हाताला शाई-बिई लागलीय. मग वळली ती सरळ भावजींच्या खोलीत गेली आणि अर्धा तास बाहेर आली नाही. त्या दोघांचं आजवर कधी पाच मिनिटं पटलेलं नाही. तिथे काय चाललं असेल? दुसरीकडची नोकरी ठरली असेल आणि आधी त्यांना सांगितलं असेल. विचारायची हिंमत नाही.

१२ डिसेंबर

बैठक झाली. उशीर झालाय, पण आजच लिहायला हवं.

सूनबाई उभी राहिली आणि म्हणाली, “दोष माझा आहे. दाताचा कोन मी चुकीचा धरला. मला एक वर्ष द्या, मी सुधारून दाखवते.” एवढंच. मला वाटलं, आता भावजी तिला फाडून खाणार. तर ते चक्क शांतपणे म्हणाले, “माणसाची चूक असेल तर सुधारता येते. एक वर्ष द्यायला माझी हरकत नाही. वहिनी, तुमचं काय?”

मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात वाकलेला दात सगळ्यांना बघण्यासाठी फिरत माझ्यापुढे आला. मी भिंग डोळ्याला लावलं. कोन अगदी बरोबर होता. दात बटणाच्या बाजूने ढकलला गेला होता, जोराने, दोनदा. असे दात मी आयुष्यभर पाहिलेत. अनाडी गिऱ्हाईक नको तिथे जोर लावतं तेव्हा होतात तसे. आणि मला ती मोडलेली काडी आठवली. मग साडेआठ आठवले. मग ते कार्ड. कानशिलं अशी तापली की समोरचं दिसेना.

पोर माझी चूक स्वतःच्या अंगावर घेत होती! मी उभी राहिले. म्हटलं, “थांबा. तिचा काही दोष नाही. हात माझा होता.”

सूनबाई म्हणाली, “आई, नको.”

पण मी थांबते कसली! दार लावून बसणं, आधी काटे मग तारीख, काडी मोडली ते, सगळं सांगून टाकलं. सांगताना रडले. मामंजींनंतर पहिल्यांदा त्या खोलीत रडले. सूनबाईने डोळे मिटून घेतले होते.

भावजी खुर्चीत मागे टेकले. “म्हणजे घड्याळ जसं बनवायचं तसंच बनलंय. आणि तसंच बनलेलं मोडतं. वहिनी, चाळीस वर्षं घड्याळं लावणारा तुमचा हात. कार्डसुद्धा तुम्हीच डब्यात घातलंत. तुमच्या हातून सहाची सहा दोनदा गेली, तर गिऱ्हाइकाच्या हातून किती जातील? चूक असती तर सुधारली असती. हा त्या घड्याळाचा स्वभाव आहे. स्वभावाला औषध नाही. मी माझा शब्द मागे घेतो.”

अर्धी मालकी त्यांची. विषय संपला. जानेवारीअखेर विभाग बंद.

सगळं बुडालं, पण खरं बोलले याचं समाधान आहे. छाती जरा हलकी वाटते. सूनबाई जेवायला आली नाही. दमली असेल बिचारी.

१३ डिसेंबर

सकाळी तिच्याकडे गेले. हत्यारं कापडात गुंडाळत होती. म्हटलं, “तुझे आभार मानायला आलेय. माझं नाव राखलंस.”

ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, “आई, मी तुम्हाला वाचवत नव्हते. घड्याळाला वाचवत होते. तुमचं नाव राहिलं असतं तर तेही बरंच होतं, पण मला वर्ष हवं होतं. रात्री आठ ते दोन बटण कितीही दाबलं तरी जोर आत पोचणारच नाही, असं कुलूप मी वर्षात बसवलं असतं. त्या दिवशी काकांच्या खोलीत गेले ती त्याचसाठी. त्यांना माझी चूक चालत होती. माझ्या चुकीवर ते वर्ष देणार होते.”

“मग मला आधी सांगायचंस ना!”

“सांगितलं असतं, तर मला खोटं बोलू दिलं असतंत?”

नसतंच दिलं. ती माझ्याकडे बघून थोडीशी हसली, ते हसणं मला जास्त लागलं. दोनदा मी तिचं घड्याळ नकळत मोडलं. काल भर बैठकीत, सगळ्यांच्या देखत, पुन्हा मोडलं, आणि वर आभार मानायला गेले. माझी मलाच लाज वाटते.

१७ डिसेंबर

भावजी चुकीचे नाहीत, हाच खरा जाच आहे. ते दुष्ट असते तर भांडता आलं असतं.

चार दिवस तेच घोळवतेय. लोक दगड का घेतात? मजबूत असतो म्हणून, असं आम्ही सांगत आलो. पण तसं नाही. दगड माणसाला माफ करतो. पाडला, बुडवला, वाट्टेल तेव्हा फिरवला, तो तक्रार करत नाही. आमचं सगळं नाव त्या माफीवर आहे. मग नाजूक घड्याळं वाढवायची तर त्यांनाही माफ करता आलं पाहिजे. कार्ड छापून जबाबदारी झटकणारं घड्याळ इतरांनी करावं. आमच्या नावाला ते शोभणार नाही. आणि सूनबाई नेमकं हेच कुलूप म्हणून सांगत होती. मी तिला आठ सप्टेंबरला टोमणा मारला, “गिऱ्हाइकाने बटण दाबलं तर?” टोमणा मारून मी मोकळी झाले आणि ती मात्र त्याचं उत्तर शोधत राहिली.

वाढवायची. पण आधी ते कुलूप. माझं मत झालं. आता या मताला विचारतो कोण?

१९ डिसेंबर

भावजींकडे गेले. “मला तेच एक वर्ष हवंय.”

“कशाच्या बदल्यात, वहिनी?”

रात्रभर घोकलेलं म्हणून टाकलं. “खुर्ची घ्या. आमच्या अर्ध्याची सही घ्या. आणि घड्याळं लावायचा मानही घ्या.”

त्यांनी उठून खिडकी उघडली. मग म्हणाले, “बाबांनी मला एकदा तरी हाक मारायला हवी होती. मी दाराबाहेर उभा असायचो. आत तुम्ही दोघं, आणि मला फक्त टकटक ऐकू यायची.” या माणसाशी मी इतकी वर्षं भांडले आणि हे मला माहीत नव्हतं.

“या, शिकवते,” मी म्हटलं. दार उघडंच ठेवलं. भर सकाळ होती, बाहेरून माणसं येत-जात होती, दोघी-तिघी थांबून बघूही लागल्या.

“आधी काटे ना?” त्यांनी विचारलं.

“नाही. आता आधी तारीख.”

वर्ष मिळालं. बारा महिन्यांत कुलूप जमलं तर नाजूक बाजू वाढणार, नाहीतर पुन्हा विचारायचं नाही. वर आल्यावर हे म्हणाले, “खुर्ची दिलीस म्हणे? बस इथे. आडवे शब्द मी बघतो, उभे तू बघ.” मी बसले आणि हुंदके देऊन रडले. ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली, याआधी कधी ठेवल्याचं आठवत नाही.

८ जानेवारी

सूनबाईने आभार मानले नाहीत. मानले असते तर मला तोंड कुठे लपवू असं झालं असतं. आज मात्र जेवण झाल्यावर ती वर आली.

“आई, खाली चला. पहिलं कुलूप बसवलंय.”

“मी कशाला? माझा आता काय संबंध?”

“तुमचाच संबंध आहे. रोज जेवणानंतर यायचं, काटे साडेआठवर आणायचे आणि तारखेचं बटण दाबायचं. तुमच्या नेहमीच्या जोराने.”

“अगं, मोडेल की!”

“मोडायलाच हवं. मोडल्याशिवाय कुलूप कुठे कच्चं आहे ते मला कळणार कसं? माझ्या मुली हळू दाबतात, त्यांना माहीत असतं आत काय आहे. तुमच्याइतकं हट्टी गिऱ्हाईक मला शोधून सापडणार नाही.”

खाली गेले. ती शेजारी भिंग घेऊन बसली. दिवे सगळे चालू, दार सताड उघडं, मुलगाही येऊन उभा राहिला. माझा हात थरथरत होता आणि सगळ्यांना दिसत होता. काटे साडेआठवर आणले. काडी बटणावर ठेवली आणि अगदी अलगद दाबली. काही झालं नाही.

“आई, लाजू नका.”

मग दाबली, नेहमीसारखी, दोनदा. आत कट्कन आवाज आला. मी डोळे गच्च मिटले.

उघडले तर ती घड्याळावर वाकलेली, भिंगातून बघत, आणि चेहरा असा खुललेला की लग्नानंतर या घरात मी तो पहिल्यांदा पाहिला.

“छान मोडलंत,” ती म्हणाली. “उद्या परत या.”